स्टॅपलीची हाडकुळी मेंढरं

आमच्याकडे स्वतःच्या मेंढरांची स्तुती कोणी करत नाही. तसा कुठे नियम लिहिलेला नाही, पण जो करतो त्याच्याकडे लोक असं बघतात, जणू तो चर्चमध्ये टोपी न काढताच प्रार्थनेला बसलाय. दोन मेंढपाळ रस्त्यात भेटले की एक विचारणार, "काय म्हणतायत मेंढरं?" दुसरा म्हणणार, "कसली मेंढरं! हाडं आहेत, वर लोकर पांघरलीय झालं." मग पहिला म्हणणार, "तुझी निदान उभी तरी राहतात बाबा." एवढं झालं की दोघेही खूश. मेंढरं उत्तम आहेत हे दोघांना न बोलता कळलेलं असतं. कुणी चुकून "झकास आहेत" म्हणालाच, तर समजावं की विकायला काढलीत आणि काहीतरी लपवतोय.

माझा नवरा रुलन स्टॅपली यात सगळ्यांचा गुरू. मेंढीबद्दल त्याच्या तोंडून निघालेला सर्वांत मोठा कौतुकाचा शब्द म्हणजे "बरी आहे." लग्न ठरलं तेव्हा माझ्याबद्दलही त्याने आपल्या आईला हेच सांगितलं होतं.

मेंढी बघायची ती हाताने. लोकरीत पंजा खुपसायचा आणि कण्यावर बोटं दाबायची. हाड लागलं तर तिला मका द्यायची वेळ झाली. नाही लागलं तर हात काढून घ्यायचा आणि पुढची धरायची. हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही येतं. वॉशिंग्टनहून आलेल्या सरकारी माणसांना येत नाही, आणि शिकायचीही त्यांची तयारी नसते.

रुलन चव्वेचाळीस साली युद्धावर गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्याची तुकडी ओकिनावाला होती, जपानच्या किनाऱ्यावर उतरायच्या तयारीत. दहातले चार परत येतील असं त्यांचा सार्जंट म्हणायचा. मग ते दोन बॉम्ब पडले आणि माझा नवरा धडधाकट घरी आला. मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले, आणि त्या बॉम्बचेही मानले. त्या दोन शहरांत कोण राहत होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. दुसऱ्यांचे दोष काढायला बसलेय तर आधी माझा निघू दे.

एकोणपन्नास साली रशियाने तसलाच बॉम्ब केला. एक्कावन्नपासून आमच्या सरकारने शेजारच्या नेवाडा राज्यात, आमच्या हिवाळी कुरणांच्या पलीकडे, एकामागून एक बॉम्ब फोडायला सुरुवात केली. आम्ही बघायला जायचो! पहाटे उठायचं, पोरांना घोंगड्यांत गुंडाळायचं, लोणी-जॅम लावलेले पाव बांधायचे आणि टेकडीवर जाऊन बसायचं. पश्चिमेकडे उजेड फुटायचा आणि थोड्या वेळाने पायाखालची जमीन गुरगुरायची. आम्ही टाळ्या वाजवायचो. सरकारने पत्रकं वाटली होती, त्यात छापलं होतं की काही धोका नाही, आणि आम्ही छापलेल्यावर विश्वास ठेवणारी माणसं.

त्रेपन्नच्या जानेवारीत मी पिकअपमध्ये पीठ, बटाटे आणि रॉकेल घालून नेवाडातल्या कुरणावर गेले. रुलन हिवाळाभर तिथेच, चाकांवरच्या एका खोलीत राहायचा. दोन हजार मेंढ्या, त्यांत वीस काळ्या. दर शंभर पांढऱ्यांमागे एक काळी ठेवायची, म्हणजे काळ्या मोजल्या की कळप मोजून झाला. प्यायला बर्फ, खायला खारट झुडपं. यावरच आमच्या तीन पिढ्यांची मेंढरं पोसली गेली होती.

त्या दुपारी सरकारी गाडीतून एक तरुण माणूस आला. बॉम्बच्या जागेच्या आसपास कुणाची किती जनावरं आहेत याची नोंद करत तो हिंडत होता. बूट कोरे करकरीत, नाक थंडीने लाल. रुलन मेंढ्यांना मीठ घालायला लांब गेला होता, म्हणून मीच त्याला आत बोलावलं.

"कॉफी मिळेल का, बाई?"

"कॉफी आमच्या धर्मात बसत नाही. झुडपाचा काढा आहे. एकदा प्यायलात तर आठवडाभर कॉफीची आठवण येणार नाही."

त्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, पण माझ्या हातचे तीन पाव आणि वाडगाभर रस्सा ओरपला. मग वही काढली. मी आकडा सांगितला, त्याने लिहिला.

"आणि मेंढ्या कशा आहेत?"

"कसल्या मेंढ्या! नुसती हाडं आहेत. निम्म्यांनी वसंत बघितला तरी देवाचे उपकार."

आमच्याकडचा माणूस असता तर हसला असता आणि म्हणाला असता, "तुमच्या निदान निम्म्या तरी!" याने फक्त मान वर केली.

"असं?"

"हात लावून बघा की. समोरच आहेत."

त्याने खिडकीतून बाहेर नजर टाकली. वारा बर्फ उडवत होता. "नको," तो म्हणाला, "इथून दिसतंय." शंभर पावलांवरून मेंढी म्हणजे लोकरीचा गोळा. त्यातून याला हाडं दिसली! त्याने वहीत काहीतरी लिहिलं, आभार मानले आणि निघाला. वर मी त्याला वाटेसाठी दोन पाव बांधून दिले. ते पाव मला आजही घशात अडकल्यासारखे वाटतात.

मार्चच्या अखेरीस रुलन कळप घेऊन घराकडे निघाला होता. एका पहाटे त्याच्या मागे उजेड झाला आणि तासाभराने मातकट रंगाचा एक ढग त्याच्या डोक्यावरून गेला. ढगातून राखेसारखी बारीक धूळ पडली, झुडपांवर, बर्फावर, मेंढ्यांच्या पाठींवर. दुपारी जीपमधून दोघे आले, तोंडावर मुखवटे लावलेले.

"इथून लगेच निघा," एक म्हणाला.

"मेंढी दिवसाला आठ मैल चालते, साहेब. लगेच म्हणजे किती लगेच?"

"ते आम्हाला सांगितलेलं नाही." जीप धूळ उडवत गेली. मेंढ्यांनी तेच झुडूप खाल्लं, तोच बर्फ चाटला. रुलननेही काढ्याच्या किटलीत तोच बर्फ वितळवला.

एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या. मी सोळा वर्षांची असल्यापासून कोकरं काढतेय, पण असली कोकरं मी पाहिली नव्हती. काहींच्या अंगावर लोकरच नव्हती. कातडी इतकी पातळ की आतलं हृदय उडताना दिसायचं, आणि बघता बघता थांबायचं. मेंढ्यांच्या ओठांवर चट्टे, नाकाला खपल्या. लोकर धरली तर मूठभर हातात यायची. काळ्या मेंढ्यांच्या पाठीवर पांढरे ठिपके उमटले, जिथे जिथे धूळ बसली होती तिथे तिथे.

एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं काढून आम्ही पोरक्या कोकराला अंगरख्यासारखं बांधतो. मेंढी वास घेते, आपलंच समजते आणि पाजते. त्या वसंतात माझ्याकडे कातड्यांचा ढीग होता, पण बांधायला जिवंत कोकरू नव्हतं. मेंढ्या कोठाराच्या दाराशी ओरडत उभ्या राहायच्या. रुलन खड्डे खणायचा. जूनपर्यंत चारशे मेंढ्या आणि त्याच्या दुप्पट कोकरं मातीआड गेली.

त्यानंतर जनावरांचे सरकारी डॉक्टर आले. त्यांतल्या एका वयस्क माणसाने बॉम्बची किरणं मोजायचं पेटीसारखं यंत्र मेंढीच्या पाठीवर धरलं, तर ते तापल्या तव्यावर मीठ टाकावं तसं तडतडलं. काटा टोकाला जाऊन चिकटला. "अरे, इकडे या, हे बघा!" तो ओरडला. जाताना त्याने रुलनचा हात दोन्ही हातांत धरला. "मी हे अहवालात लिहीन, स्टॅपली. तुमची काही चूक नाही."

तो पुन्हा दिसला नाही. हिवाळ्यात अहवाल आला, त्यावर सह्या दुसऱ्यांच्याच. त्यात लिहिलं होतं की मृत्यूचं कारण कुपोषण. कडक थंडी, अपुरा चारा आणि मालकाची हलगर्जी.

रुलनने तो दारात उभ्याने वाचला. मग घडी घालून मला दिला. "उपाशी ठेवली म्हणतायत," तो म्हणाला. "गाभण मेंढ्या उपाशी ठेवल्या म्हणे मी." त्या रात्री तो जेवला नाही. आमच्यात मेंढपाळाला चोर म्हणा, दारुडा म्हणा, तो एक वेळ हसून सोडेल. गाभण मेंढी उपाशी ठेवणारा म्हणालात, तर त्याच्याशी कोणी आपलं जनावर बदलत नाही की कुरणाला त्याचा शेजार घेत नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच! विष यांनी टाकायचं आणि हलगर्जी आमची.

आम्ही सरकारवर दावा लावला. कागदावर भरपाई मागितली, कारण कोर्टात दुसरं काही मागता येत नाही. रुलनला हवं होतं ते एकच वाक्य, न्यायाधीशाच्या तोंडून: या माणसाच्या मेंढ्या उपाशी नव्हत्या.

गावाला ते रुचलं नाही. नुकसान सगळ्यांचं झालं होतं, पण सगळ्यांची पोरं कोरियाच्या युद्धावर जाऊन आलेली, दारोदार झेंडे. आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात, पण त्या दिवसांत भाऊ रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. डेल्मर गब्लर, आमच्या खोऱ्यातला सगळ्यांत जुना मेंढपाळ आणि सगळ्यांत तिखट जिभेचा, त्याने धान्याच्या दुकानात सगळ्यांदेखत रुलनला अडवलं.

"सरकारवर दावा लावलास म्हणे? रशियात लाव की. तिकडे निकाल लवकर लागतो."

"तुझी दीडशे कोकरं मेली, डेल्मरभाऊ," मी म्हटलं. "ती काय रशियाने मारली?"

"थोराताई, माझी मेंढरं मुळातच मरतुकडी," असं म्हणून त्याने पोतं खांद्यावर टाकलं आणि तो निघून गेला.

खटला छप्पनच्या सप्टेंबरात सॉल्ट लेक शहरातल्या कोर्टात उभा राहिला. मी सोबत काळ्या मेंढीचं कातडं नेलं होतं, पाठीवर पांढरे ठिपके असलेलं. सरकारी वकिलाने ते दोन बोटांत उचललं. "वयामुळे केस पांढरे होतात," तो म्हणाला. दोन वर्षांच्या मेंढीचे! काही लोक हसले, आणि ते हसू आमच्या बाजूचं नव्हतं.

रुलन साक्षीला उभा राहिला. लग्नातला कोट, मानेवर कातरलेले केस, हात पोटाशी. वकिलाने एक वही उघडली. ती मी ओळखली.

"वीस जानेवारी, एकोणीसशे त्रेपन्न," तो वाचू लागला. "मालकाच्या पत्नीने सांगितलं: नुसती हाडं आहेत. निम्म्यांनी वसंत बघितला तरी देवाचे उपकार." त्याने वही मिटली. "श्री. स्टॅपली, बॉम्ब फुटण्याच्या दोन महिने आधीचं हे बोलणं आहे. तुमच्या पत्नी असं म्हणाल्या होत्या का?"

"म्हणाली असेल."

"म्हणजे मेंढ्या आधीच उपासमारीने खंगल्या होत्या."

"नाही, साहेब. आमच्याकडे तशी बोलायची पद्धत आहे."

"पद्धत? कसली पद्धत? सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती द्यायची?"

भर कोर्टात, शहरी माणसांपुढे, हे कसं समजावणार? आपली मेंढरं चांगली आहेत हे म्हणायला जो माणूस जन्मात शिकला नाही, त्याला दोन मिनिटांत ते शपथेवर सांगायचं होतं.

"सरळ उत्तर द्या," वकील म्हणाला. "मेंढ्या हाडकुळ्या होत्या, की तुमच्या पत्नी खोटं बोलतात?"

मी उभी राहिले. "मीच सांगते! मला विचारा ना! हात लावून बघा म्हटलं होतं मी त्याला, त्याने लावला नाही!" न्यायाधीशाने हातोडा आपटला. साक्षीदारांच्या यादीत माझं नाव नाही, पुन्हा बोललात तर बाहेर काढू, असं त्याने बजावलं. आमच्या वकिलाने माझा कोट ओढून मला खाली बसवलं. माझं वाक्य पुरावा, आणि मी मात्र परकी!

रुलनने माझ्याकडे बघितलं. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, आणि मी मान हलवत होते, म्हण, रुलन, खोटारडी म्हण मला.

"माझी बायको खोटं बोलत नाही," तो म्हणाला.

"धन्यवाद. आणखी प्रश्न नाहीत."

सहा आठवड्यांनी निकाल आला. मेंढ्या अपुऱ्या चाऱ्यामुळे मेल्या, मालकाच्या पत्नीनेही ते वेळीच मान्य केलं होतं. माझं ते वाक्य निकालात अक्षरशः छापलं होतं, अवतरणचिन्हांसकट.

रुलनने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. त्याने उरलेला कळप एका कोलोराडोवाल्याला विकला आणि दुसऱ्यांच्या कुंपणांच्या तारा दुरुस्त करायला जाऊ लागला. धान्याच्या दुकानात कोणीतरी त्याला विचारलं, "मक्याचं पोतं हवंय का, रुलनभाऊ? आता उशीरच झाला म्हणा." तो हसला. तो हसला याचाच मला जास्त संताप आला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही उपास करतो, आणि चर्चमध्ये ज्याला वाटेल तो उभा राहून साक्ष देतो. सहसा देवाचे आभार असतात, आजार बरा झाल्याचं असतं, एखादी म्हातारी रडते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी उभी राहिले. रुलनने माझी बाही धरली. मी सोडवून घेतली.

"कोर्टाने माझी साक्ष घेतली नाही," मी म्हटलं, "म्हणून इथे देते. त्रेपन्नच्या जानेवारीत मी एका परक्या माणसाशी खोटं बोलले. आमच्या मेंढ्या हाडकुळ्या आहेत असं मी म्हटलं. त्या नव्हत्या. त्या पुष्ट होत्या. इतक्या पुष्ट की एखादी बसली तर तिला उठायला जड जायचं."

कोणीतरी खाकरलं. पण माझं तोंड थांबायला तयार नव्हतं.

"तुम्ही सगळे हेच खोटं रोज बोलता. पुढचा सरकारी माणूस येईल आणि तुमचंही लिहून नेईल. माझ्या नवऱ्याने आधी स्वतःच्या पोटाला चिमटा घेतला असता, पण मेंढी उपाशी ठेवली नसती. हे तुम्हाला ठाऊक आहे. तीन वर्षं ठाऊक आहे. आणि तुमच्यातला एकही मायेचा पूत कोर्टात येऊन ते बोलला नाही. ज्या सरकारवर तुमचा एवढा विश्वास, त्याने तुमचीही मेंढरं मारली आणि तुम्ही मुकाट खड्डे खणलेत. मला देवाच्या घरात राग येतोय, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही."

"थोराताई," बिशप हळूच म्हणाले, "बसा आता." मी बसले.

मग मागच्या बाकावर काठी आपटली. डेल्मर गब्लर उठत होता. त्याला उठायला वेळ लागला.

"बावन्नच्या नोव्हेंबरात," तो म्हणाला, "कळप कुरणाकडे जायच्या आधी, स्टॅपलीच्या पन्नासेक मेंढ्या माझ्या मेंढवाड्यात शिरल्या होत्या. वेगळ्या काढताना मी एकेकीला हात लावला." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "माझ्या मेंढ्यांपेक्षा चांगल्या होत्या."

एवढं बोलून तो बसला. तुम्ही आमच्यातले नसाल तर तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. त्या माणसाने ऐंशी वर्षांत कुणाच्याही मेंढीला आपल्या मेंढीपेक्षा चांगली म्हटलं नव्हतं. पण मी त्याचे आभार मानले नाहीत. तीन महिने उशीर झाला होता, आणि निकाल छापून झाला होता.

बाहेर पायरीवर बिशप आमच्यापाशी आले. रुलनचा हात धरून त्यांनी विचारलं, "खरंच एवढ्या चांगल्या होत्या का, भाऊ?"

रुलनने टोपी हातात फिरवली. जमिनीकडे बघितलं.

"बऱ्या होत्या," तो म्हणाला.

मला रडावं की त्याच्या टाळक्यात हाणावं कळेना. आम्ही पिकअपमध्ये जाऊन बसलो. त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोरच्या काचेवर गोठलेलं दव होतं आणि तो त्यातून कुठेतरी बघत होता. मग त्याने उजवा हात आमच्या दोघांमधल्या सीटवर ठेवला, पंजा पसरला आणि बोटं दाबली. दोन हजार वेळा दाबली असतील तशीच.

"हाड लागत नव्हतं गं हाताला," तो म्हणाला. "एकीचंसुद्धा."